निदान कारण तरी सांगा

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ‘निदान’ नावाचा एक रकाना असतो. गेली सत्तावीस वर्षं मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते आहे. एवढ्या काळात शेकडो प्रमाणपत्रं माझ्या हाताखालून गेली. त्या रकान्यात थोड्याफार फरकाने एकच ओळ असते : दोन्ही कानांत अतितीव्र संवेदी-चेताजन्य श्रवणदोष. साध्या भाषेत, मुलाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. पहिली गोष्ट आईला ठाऊकच होती, तीच सांगायला ती दवाखान्यात आली होती. तिचंच वाक्य अवघड शब्दांत लिहून, त्यावर टक्के घालून, शिक्का मारून आपण तिला परत देतो आणि त्याला निदान म्हणतो.

मूल का ऐकत नाही याचा शोध हा उपचाराचाच भाग आहे. तो प्रत्येक मुलाच्या बाबतीत, पहिल्या वर्षाच्या आत आणि सरकारी खर्चाने झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आज हा शोध मुख्यतः ज्यांचं कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवण्याचं, ऑपरेशन ठरतं त्यांच्याच वाट्याला येतो, तोही सर्जनला आतली वाट कळावी म्हणून. ज्या मुलाला नुसतं मशीन, म्हणजे कानाला लावायचं श्रवणयंत्र, मिळतं, त्याच्या कानाच्या आत काय आहे हे पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही. मलाही वाटत नव्हती.

माझ्या वर्गात चौथीचा एक मुलगा होता. त्याचा दोष मध्यम स्वरूपाचा होता, आणि दोन्ही कानांना मशीन लावलं की तो इतकं चांगलं ऐकायचा की आजीशी फोनवर बोलायचा. वर्गातल्या बाकीच्या मुलांना त्याचं फार अप्रूप. पायांनीही चपळ होता, म्हणून खो-खोच्या संघात त्याला मीच घेतलं. एका संध्याकाळी सरावात खांबाला वळसा घालताना त्याचं डोकं खांबावर आपटलं. टेंगूळ आलं, आम्ही बर्फ लावला. तो रडलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तो माझ्याकडे आला, मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “बाई, सेल गेला.” मी सेल बदलला. कानाला लावून त्याने मान हलवली, हाही गेलेला. मी नवं पाकीट फोडून तिसरा सेल घातला. मग मशीनला नळी लावून मी स्वतः ऐकून पाहिलं, तर आवाज खणखणीत येत होता.

मशीन दुरुस्तीला पाठवलं, ते ‘चालू आहे’ म्हणून परत आलं. मशीनचा कानात बसणारा साचा घट्ट झाला असेल म्हणून साचा पाहिला, मळ असेल म्हणून कान पाहिला. यात आठवडा गेला. मग ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला. त्यात आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकणं कमी. पन्नास-पंचावन्न डेसिबलवर ऐकणारं मूल नव्वदच्या पलीकडे गेलं होतं. शहरात स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये एक नाव आलं, जे मी तोवर कुठल्याही मुलाच्या कागदावर वाचलं नव्हतं : दोन्ही बाजूंची व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट रुंद. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘ईव्हीए’ म्हणतात. त्याच्या वडिलांनी फाइलमधून एक जुना कागद काढून दाखवला. मूल तीन वर्षांचं असताना त्यावर कुणीतरी स्कॅनचा सल्ला लिहिलेला होता. एकच ओळ, कशासाठी ते लिहिलेलं नाही. “मशीन तर मिळालं होतं बाई,” ते म्हणाले, “मग फोटो कशाला काढायचा, म्हणून राहिलं.” त्या माणसाला मी काय दोष देऊ? हजारो रुपये कशासाठी घालायचे हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

आता मला जे ठाऊक आहे ते असं. आंतरकर्णातून एक बारीक हाडाची नळी निघते, तीच ही ॲक्विडक्ट. तिची मधली रुंदी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती रुंद समजतात. दीड मिलिमीटर म्हणजे तुरीच्या दाण्याच्या अर्ध्याहूनही कमी. वाल्व्हासोरी आणि क्लेमिस या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी 1978 साली कानाच्या हाडाचे सुमारे 3700 रुग्णांचे फोटो तपासले, त्यांत 50 जणांत ही नळी रुंद सापडली. तेव्हापासून ही गोष्ट कानाच्या डॉक्टरांना माहीत आहे. अशा मुलांचं ऐकणं जन्माच्या वेळी बरं असू शकतं. नवजात बाळाच्या चाचणीत ती ‘पास’ही होतात. मग ऐकणं पायरीपायरीने उतरतं. कधी ताप येऊन, कधी डोक्याला किरकोळ मार लागून, तर कधी काहीच न घडता. सगळ्यांचं आपटण्यानेच जातं असं नाही. काहींचं वर्षानुवर्षं टिकतं. तरीही डॉक्टर अशा मुलांच्या पालकांना सांगतात की डोक्यावर आदळआपट होणारे खेळ टाळा, सायकलवर हेल्मेट घाला, आणि ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी या. अशा वेळी लवकर स्टेरॉइड देऊन पाहतात, काहींचं थोडंफार परत येतंही. आम्ही त्या दिवसांत सेल बदलत होतो.

त्या मुलाला मी संघातून काढलं असतं का? कदाचित बुद्धिबळात घातलं असतं, किंवा धावण्यात. मला निवड करता आली असती, त्याच्या आईवडिलांना करता आली असती, आणि दहा वर्षांच्या त्या पोराला स्वतःलाही. आम्हां सगळ्यांची ती निवड एका न काढलेल्या फोटोत अडकून राहिली.

आंतरकर्ण कवटीतल्या सर्वांत टणक हाडात कोरलेला असतो. त्यातला ऐकण्याचा भाग म्हणजे कॉक्लिया, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची गुंडाळी. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना तिची तयारी सुरू होते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास अडीच वेढे पुरे होतात. ही घडण कुठल्या टप्प्यावर थांबली किंवा भरकटली त्यावरून दोषाचं रूप ठरतं. कधी आंतरकर्ण तयारच होत नाही. कधी कॉक्लिया आणि तोल सांभाळणारा भाग मिळून एकच पोकळी राहते. कधी वेढे अडीचऐवजी दीडच होतात. हा दीड वेढ्यांचा कान पहिल्यांदा नीट पाहिला तो इटलीतल्या बोलोन्याच्या कार्लो मोंदिनी यांनी, 1791 साली. जन्मतः बहिरा असलेला आठ वर्षांचा एक मुलगा वारला, त्याच्या कानाचं विच्छेदन करून त्यांनी ते लिहून ठेवलं. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ झाला. त्यांना मेलेल्या मुलाचं हाड फोडावं लागलं होतं, आपल्याला जिवंत मुलाला अर्धा तास झोपवावं लागतं.

जन्मतः चेताजन्य बहिरेपण असलेल्या साधारण पाचांतल्या एका मुलात असा हाडाच्या घडणीतला दोष फोटोत दिसतो. बाकीच्यांचा दोष पेशींच्या पातळीवर असतो, तो फोटोत दिसत नाही, त्यासाठी रक्ताची जनुकीय तपासणी लागते. म्हणजे स्कॅन काढला की प्रत्येक घराला उत्तर मिळेल असं मी म्हणत नाही. पण पाचांत एक हे प्रमाण लहान नाही. वीस मुलांच्या वर्गात चार मुलं होतात.

‘कारण कळून काय उपयोग? कान थोडाच दुरुस्त होणार आहे?’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलं आहे, शिक्षकांकडून ऐकलं आहे आणि पांढरा कोट घातलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. त्याला उत्तर द्यायचं तर एका मुलीविषयी लिहावं लागेल.

ती दोन वर्षांची असताना तिला मशीन मिळालं. आई रोज गावाहून एसटीने तिला स्पीच थेरपीला आणायची. सराव करायची, वही भरायची, घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, मुलगी आवाजाकडे मान वळवीना. आम्ही सगळे आईला म्हणायचो, अजून सराव घ्या. मी म्हणायचे. सासू म्हणायची, हिचं लक्ष नाही. मग इम्प्लांटसाठी अर्ज करायचं ठरलं तेव्हा एमआरआय झाला, आणि कळलं की कानापासून मेंदूकडे जाणारी ऐकण्याची नसच दोन्ही बाजूंना जवळजवळ नाही. मशीन कितीही मोठं केलं तरी आवाज पोहोचणार कुठून? तार नसलेल्या घरात आम्ही दीड वर्ष दिवा लावत होतो आणि दिवा लागत नाही म्हणून त्या बाईला बोल लावत होतो.

अशा मुलांना इम्प्लांटचाही उपयोग फारसा होत नाही किंवा अनिश्चित असतो. ब्रेनस्टेम इम्प्लांट नावाची मेंदूच्या मुळाशी करायची शस्त्रक्रिया आहे, भारतातही ती होते. पण ती फार मोठी, महाग आणि मोजक्या ठिकाणी होणारी आहे, आणि तिने इम्प्लांटइतकं ऐकू येईल अशी आशा धरता येत नाही. त्या मुलीला पहिल्या वर्षापासून सांकेतिक भाषा मिळाली असती तर तिसऱ्या वर्षी ती आईशी भांडली असती, गोष्ट सांग म्हणून हट्ट केला असता. भाषा शिकण्याची ती वर्षं परत येत नाहीत. आमच्या क्षेत्रात ‘बोलणं की खुणा’ हा वाद फार जुना आहे आणि त्यात मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ भांडले आहे. आता मला वाटतं, निम्मा वाद आपण मुलाच्या कानात न बघता घालतो. नस आहे की नाही हे ठाऊक नसताना एखाद्या घराला ‘खुणा करू नका, बोलायला आळशी होईल’ असा सल्ला देणं हा अन्याय आहे. तो मीही केलेला आहे.

याच मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जन्मानंतर तिची चाचणी झाली होती आणि कागदावर ‘पास’ होतं. ते खोटं नव्हतं. प्रसूतिगृहात जी छोटी चाचणी होते, ओएई, ती कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींचा प्रतिसाद मोजते. केसपेशी शाबूत आणि पुढे नसच नाही, अशा काही बाळांत ही चाचणी निखळ ‘पास’ येते. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणारी चाचणी वेगळी, तिला पालक ‘बेरा’ म्हणतात. तीही करायला हवी. बेरा मोजणारी स्वस्त उपकरणं भारतात बनू लागली आहेत, त्यामुळे ‘आपल्याला परवडत नाही’ हे उत्तर पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. आणि ‘पास’ हा शब्द तर मला फार घातक वाटतो. पास झालेल्या मुलाची आई दोन वर्षं निर्धास्त असते. थाळी वाजवली की बघतो, असं आजी सांगते, कारण थाळीची थरथर फरशीतून पायाला कळते. मुलगे उशिराच बोलतात, बापही उशिराच बोलला होता, यात तिसरं वर्ष उजाडतं. कागदावर ‘आज पास, एक वर्षाने पुन्हा तपासा’ एवढं मराठीत छापलं तरी काही मुलांची वर्षं वाचतील.

घडणीतल्या दोषाचा संबंध ऐकण्यापुरताच नसतो. काही कानांत आतल्या पोकळीच्या आणि मेंदूभोवतीच्या पाण्याच्या मधली भिंत कच्ची असते. अशा मुलाला मेंदुज्वर होऊ शकतो, बरा होऊन पुन्हा होऊ शकतो. एकदा झालेला मेंदुज्वर परत आला तर कानाचा फोटो काढायलाच हवा, हे बालरोगतज्ज्ञांना शिकवलेलं असतं. अमेरिकेत 2002 साली इम्प्लांट झालेल्या मुलांमधल्या मेंदुज्वराची चौकशी झाली, तेव्हा आंतरकर्णाची सदोष घडण हाही त्यातला एक धोका म्हणून पुढे आला. यावर न्युमोकोकल लस हा साधा उपाय आहे. महाराष्ट्रात ती 2021 पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते, पण तान्ह्या बाळांना. त्याआधी जन्मलेली आमच्या शाळेतली पोरं त्या रांगेत बसत नाहीत. ज्यांच्या कानात कच्ची भिंत आहे त्यांना तरी ती मोफत द्या, असं मी म्हणेन. पण कुणाच्या कानात आहे हे आधी कळायला हवं ना!

तोल सांभाळणारं यंत्रही त्याच हाडात असतं. अशी काही मुलं मान उशिरा धरतात, उशिरा चालतात, आणि घरचे कॅल्शियमचं औषध पाजत राहतात. मोठी झाल्यावर ती डोळे आणि पाय यांच्या भरवशावर तोल साधतात, आणि इतका छान साधतात की आपल्या लक्षातही येत नाही. पण गढूळ पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही आणि पायाखाली जमीन नसते. वर कुठे आणि खाली कुठे हेच तेव्हा कळत नाही. आमच्याकडे पोरं उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून ढकलतात. कुठल्या पोराला ढकलू नये हे सांगणारा कागद त्या बापाजवळ असायला नको का?

आता आईकडे येते, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त तीच भाजून निघते. ग्रहणात विळी धरली, ग्रहणात कान टोचला, सातव्या महिन्यात कुणाच्या मयताला गेली, अशी कारणं मी आजही ऐकते. पदवीधर सुना हळू आवाजात सांगतात, बाई, मी त्या दिवशी भाजी चिरली होती. तिला मी कॉक्लियाचं वेळापत्रक सांगते. अडीच वेढे दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुरे होतात. म्हणजे दिवस गेल्याचं कळून जेमतेम महिना-दीड महिना झालेला असतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला त्या कानात ढवळाढवळ करायला काही उरलेलंच नसतं. दुसरं वाक्य सासरकडून येतं : आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही. जनुकीय बहिरेपणाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यात आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते, आणि दोघांनाही उत्तम ऐकू येत असतं. घराण्यात कुणी बहिरं नसणं हेच त्यात अपेक्षित असतं. आत्ये-मामे भावंडांतली लग्नं आपल्याकडे अजून होतात. अशा घरांत ही गाठ पडण्याची शक्यता वाढते, हे स्पष्ट सांगायला हवं, आणि सांगताना पुढे हेही जोडायला हवं की निम्मा वाटा बापाचा असतो. हातात छापील रिपोर्ट असला की बाईच्या पाठीवरचं ओझं उतरतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रिपोर्ट वाचून दाखवल्यावर एक आई एवढंच म्हणाली, “म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं.” मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. सात वर्षं ती ते वागवत होती.

पुढच्या बाळाचा प्रश्नही याच कागदावर अवलंबून असतो. वर सांगितलं तसं, दोघांकडून सदोष प्रत आल्याचं जनुकीय कारण असेल तर दर खेपेला चारांत एक अशी शक्यता असते. कारण गर्भारपणातल्या रुबेलाचं असेल तर ती पुढच्या खेपेला राहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रेग यांनी 1941 मध्ये रुबेला आणि जन्मजात दोषांचं नातं दाखवलं. आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये झाली. काही कारणांचा शोध तर मुदतीचा असतो. सीएमव्ही या विषाणूमुळे गर्भातच कान गेला का, हे जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच लाळ किंवा लघवी तपासून खात्रीने कळतं. ईव्हीए कधी पेंड्रेड सिंड्रोमचा भाग असतो. इंग्लंडमधल्या पेंड्रेड यांनी 1896 मध्ये बहिरेपण आणि गलगंड एकत्र असलेल्या दोन बहिणींचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. अशा मुलाच्या थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. कानाच्या घडणीतला आणखी एक दोष मूत्रपिंडाच्या दोषाबरोबर येतो, तिथे पोटाची सोनोग्राफी करावी लागते. कान हे दार आहे, त्यातून आत डोकावलं तर बाकीचं घरही दिसतं.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप आमच्याच क्षेत्रातला. अजून सगळ्या बाळांची साधी चाचणीही होत नाही आणि तुम्ही स्कॅनचं काय घेऊन बसलात? बहिरेपण प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरलाच सुरू झाला, आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत पहिल्यापासून आहे. तरी तालुक्याच्या गावी जन्मलेल्या किती बाळांच्या कानाला ते छोटं यंत्र लागतं, हे विचारलं तर मान खाली घालावी लागते. हे खरं आहे. पण ‘आधी ते होऊ द्या, मग हे’ हा क्रम मला मान्य नाही. ज्या मुलांचा दोष आजच सापडलेला आहे, जी आज शाळेत बसलेली आहेत, त्यांचा शोध उद्याच्या बाळांच्या चाचणीसाठी कशाला अडवून ठेवायचा? सापडलेल्या मुलांची संख्या आवाक्यातली आहे. काम तिथून सुरू करता येतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि भुलीचा. एमआरआयसाठी लहान मुलाला झोपवावं लागतं, त्यात जोखीम असते, तज्ज्ञ भूलतज्ज्ञ लागतो. सीटीत किरणं असतात. हे सगळं तोलूनच करायला हवं आणि अमुक मुलाला अमुक फोटो हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. पण एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या काही महिन्यांतलं बाळ पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून ठेवलं की औषधाशिवायही झोपतं, आणि जगात अनेक ठिकाणी अशा झोपेतच एमआरआय काढतात. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला घट्ट बांधून झोपवणं आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागत नाही. दोष लवकर सापडला तर हे जमतं. तीन वर्षांचं पोर मात्र त्या बोगद्यात स्वस्थ पडत नाही, मग भूल आली आणि भुलीचा खर्चही आला. आणि खर्चाविषयी बोलायचं तर दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत 2014 मध्ये एका मुलाच्या इम्प्लांटसाठी 6 लाखांपर्यंतची तरतूद झाली. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतून त्याचं काम चालतं. ती योजना मला मोलाची वाटते, तिच्यामुळे बोलायला लागलेली मुलं मी शिकवली आहेत. शेवटच्या टप्प्यावर लाखो रुपये द्यायला तयार असलेल्या सरकारने पहिल्या टप्प्यावर काही हजार द्यावेत, एवढंच मागणं आहे.

तिसरा आक्षेप कर्णबधिर समाजातून येतो आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. आमच्यात ‘दोष’ शोधायचं थांबवा, आम्ही आहोत तसे पुरे आहोत. माझे काही माजी विद्यार्थी हे म्हणतात, हातांनी, जोरात. त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. कारण शोधण्याचा उपयोग अशी मुलं जन्मूच नयेत यासाठी होईल, ही त्यांची भीती पोकळ नाही. मुलींच्या बाबतीत सोनोग्राफीचं आपण काय केलं हे आपण विसरू नये. पण ज्याच्या कानात कच्ची भिंत आहे त्याला मेंदुज्वर होऊ नये आणि नस नसलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून तिची भाषा मिळावी, यात त्यांचाही विरोध नसेल असं मला वाटतं. त्या मुलीला खुणांपर्यंत लवकर पोहोचवणारा कागद तोच आहे.

कायद्यातली एक अडचण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, 2016 च्या, श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलपासून सुरू होते. ज्याचा एकच कान नसेशिवायचा आहे तो त्यात बसत नाही. ज्याची नळी रुंद आहे आणि तपासणीच्या दिवशी जो 50 वर ऐकतो, तोही बसत नाही, मग पुढच्या महिन्यात त्याचं काही का होईना. प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, मशीन नाही, शाळेत पुढे बसायची सोय नाही. व्याख्या फक्त आकडा पाहते. उतरणीला लागलेला कान आणि स्थिर कान यांत तिला फरक दिसत नाही, कारण कारणाचा रकाना कुणी नीट भरतच नाही.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. म्हणजे वाट आखलेली आहे, गाडी आहे, माणसं आहेत. त्या गाडीत एक तपासणी यंत्र ठेवा. मुलांचे दोष लवकर ओळखून उपचार सुरू करणाऱ्या जिल्ह्याच्या हस्तक्षेप केंद्रात दोष पक्का झालेल्या प्रत्येक मुलाला, एका कानाचा असला तरी, फोटो आणि रक्ततपासणीची चिठ्ठी द्या, आणि त्या चिठ्ठीवर ती कशासाठी आहे ते मराठीत दोन ओळी लिहा. एसटीचं भाडंही द्या, कारण बुडालेला रोज आणि भाडं यांच्यापायी माणसं थांबतात. रिपोर्ट आल्यावर तो समजावून सांगायला कुणीतरी बसवा. आशाताईला विचारा, ती सांगेल की घराघरांत पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या फिल्म आहेत, ज्यात काय आहे हे त्या घरातल्या कुणालाच माहीत नाही. आणि प्रमाणपत्रावर ‘निदान’ या शब्दापुढे दोषाची तीव्रता पुन्हा लिहायची नाही, दोषाचं कारण लिहायचं, किंवा ‘शोध घेतला, सापडलं नाही’ असं लिहायचं, असा एक आदेश काढा. त्याला पैसा लागत नाही.

खो-खोतला तो मुलगा आता मोठा झाला आहे. एका कानाला इम्प्लांट झालं, बरंच ऐकतो. रिपोर्ट आल्यानंतरच्या पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं होतं की बाई, मी खांबाकडे नीट बघितलं नाही म्हणून झालं का? मी कागदावर कानाचं चित्र काढलं, नळी दाखवली, दीड मिलिमीटर किती ते पट्टीवर दाखवलं. त्याने ते चित्र घडी करून खिशात ठेवलं.

आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जावर मी आता एक ओळ वाढवली आहे : कानाच्या आतला फोटो काढला आहे का, आणि त्यात काय दिसलं? दर जूनमध्ये अर्ज येतात. बहुतेक अर्जांवर ती ओळ कोरी असते.